पाच बोटं उंचीचे चार ठोकळे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कातारकाम, म्हणजे लेथच्या यंत्रावर लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणं, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. नजर चष्म्यासकट ठीक आहे. डावा खांदा दुखतो, पण त्याचा मृत्युपत्राशी संबंध नाही असं वकील म्हणतात. तो आहे, आणि पुढे येईल. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरं माणूसच नाही. सहा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात एका माणसाला मी मुद्दाम वगळलं होतं. तेवढ्यासाठी हे नवं लिहिते.

सगळ्यांची पूर्ण नावं आणि पत्ते वकिलांनी वेगळ्या कागदावर टाइप करून जोडले आहेत. इथे मी ज्याला जसं ओळखते तसं लिहिलं आहे. वकील म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात मोजकं लिहायचं असतं." मी म्हटलं, "साहेब, मोजकं बोलून बोलूनच ही पाळी आली."

कलम १. घर. पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची लेथची खोली माझ्या मुलाला द्यावी. तो मालवाहतुकीच्या कचेरीत आहे, माणूस सरळ आहे, दर रविवारी फोन करतो. "बरी आहेस ना?" म्हणतो, मी "बरी आहे" म्हणते, मग दोघंही दुसरं कोणी बोलेल म्हणून थांबतो. लाकडाची त्याला लहानपणापासून शिंक येते. त्यात त्याचा दोष नाही. मागची खोली त्याने पुढे भाड्याने दिली तरी माझी हरकत नाही, मात्र कलम पाच पूर्ण झाल्यावरच. सुनेला लोखंडी कपाट आणि दिव्याचा उंच कातीव खांब. ती दर वेळी "किती छान आहे हो" म्हणायची आणि मी दर वेळी न समजल्यासारखं करायची. समजत होतं.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

कलम ३. पुस्तकं. एकूण दोन फडताळं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचायला मी वाण्याच्या पुड्यांवर शिकले. डाळ डब्यात ओतायची आणि पुडी उलगडून उभ्या उभ्या वाचायची. कित्येक गोष्टींचा शेवट मला अजून माहीत नाही, कारण तो दुसऱ्या कोणाच्या तरी साखरेला गेला. पुढे वाचनालयाच्या बाईंनी मला पहिलं अख्खं पुस्तक दिलं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "हे शेवटपर्यंत आहे ना?" त्या अजून हसतात. सगळी पुस्तकं त्यांना द्यावीत. लाकूडकामाचं जाड पुस्तक तेवढं देऊ नये, ते लेथबरोबर जाईल. त्यातल्या एका पानावर तेलाचा अंगठा उमटलेला आहे. तो माझ्या यजमानांचा आहे. पुसू नये.

कलम ४. दीर आणि जाऊ. माझ्या दिरांनी यजमानांच्या आजारपणात धार लावायची साण "दोन दिवसांसाठी" नेली. त्याला एकोणीस वर्षं झाली. ती साण मी त्यांना या मृत्युपत्राने रीतसर बहाल करते, म्हणजे निदान ती त्यांची होईल आणि मला पाहिल्यावर रस्ता ओलांडायचे त्यांचे श्रम वाचतील. जाऊबाई माझ्याबद्दल चारचौघांत म्हणाल्या होत्या, "नवरा दारात खोकत बसलाय आणि ही बाई यंत्रावर उभी." खरं आहे, तसंच होतं. त्यांच्या बैठकीतल्या चारही खुर्च्यांचे पाय त्याच बाईने त्याच दिवसांत कातलेले आहेत. त्या खुर्च्या त्यांच्याकडेच राहू द्याव्यात. बसताना आठवण झाली तर होऊ द्यावी.

कलम ५. लेथ. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने पाणी पिऊन घ्यावं.

आधी लेथच्या उंचीविषयी, कारण सगळं त्यावरच आहे. लाकूड ज्या रेषेवर फिरतं तिला आस म्हणतात. ही आस उभ्या माणसाच्या कोपराला आली पाहिजे. खाली असली तर पाठ जाते, वर असली तर खांदे जातात. माझे यजमान म्हणायचे, "दुसऱ्याचा चष्मा आणि दुसऱ्याची लेथ, दोन्हींनी माणूस आंधळा होतो." लोक पोरांची उंची डोक्याने मोजतात; आमच्या घरात कोपराने मोजायचे. लेथच्या खोलीच्या दाराला उजव्या चौकटीवर त्या खुणा आहेत. कामाच्या चपला घालून उभं राहायचं, हात कोपरात दुमडायचा, आणि कोपर टेकेल तिथे पेन्सिलची रेघ. सर्वांत वर यजमानांची खूण, ती पटाशीने कोरलेली. ते इतके उंच होते की पाहुण्यांच्या घरी दारात आधी वाकत आणि मग नमस्कार करत. त्यांच्या खाली बरोबर पाच बोटांवर माझी. मुलाच्या खुणा नवव्या वर्षी थांबल्या. मुलीच्या सहाव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंत वर वर गेल्या आहेत, आणि शेवटची यजमानांच्या खुणेच्या अर्धं बोट खाली आहे. ते म्हणायचे, "ही लेथ हिची आहे, मी फक्त गरम करून ठेवतोय."

वीस वर्षांपूर्वी बारीक भुशाने त्यांची छाती भरली आणि त्यांचं उभं राहणं सुटलं. तोवर मी फक्त घासायचं आणि पॉलिशचं काम करत होते. जिन्याच्या कठड्याचं मोठं काम हातात होतं. ते दारात खुर्ची टाकून बसले आणि मी पटाशी हातात घेतली. माझा पहिला खुर्चीचा पाय पाहून म्हणाले, "हा पाय आहे की गाजर?" तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "आता पाय आहे. पण लंगडा."

लेथ त्यांच्या उंचीची. माझे खांदे कानांना लागायचे.

ते म्हणाले, "अगं, लेथ खाली घे."

"आणि तुम्ही उभे राहिलात की?"

"उभा राहिलो की परत वर घेऊ."

"लेथ काय खिडकीचा पडदा आहे, ओढला की वर, सोडला की खाली?"

ते हसले, मग खोकले. मी विषय बदलला. लेथ खाली घेणं म्हणजे ते आता उठणार नाहीत असं माझ्या हाताने कबूल करणं, आणि ते मी करणार नव्हते. शेवटी त्यांनी लेकीकडून माझ्यासाठी एक फळी करून घेतली, पाच बोटं उंचीची, उभी राहायला. त्या फळीवर मी कातायला लागले.

फळीने कोपर जागेवर आलं, पण एक गोष्ट गेली. कातताना जोर हातांतून येत नाही, पायांतून येतो. वजन डाव्या पायावरून उजव्यावर न्यायचं, आणि पटाशी अंगाबरोबर लाकडाच्या कडेने चालते. फळी दीड हात लांब. पाय पसरायला जागा नाही, चालायला नाही. म्हणून चालणं सगळं खांद्याने केलं. वर लिहिलं होतं की खांद्याचा संबंध पुढे येईल, तो हा.

त्याच वर्षी सुनेचं बाळंतपण होतं म्हणून मी आठ दिवस मुलाकडे गेले. परत आले तर लेथच्या चारही पायांखाली ठोकळे. मी विचारलं, हे काय. यजमान म्हणाले, "पायांना खालून वाळवी लागली होती. तेवढं कापलं आणि तेवढंच खाली घातलं." लेक भुसा झाडत होती, तिने वर पाहिलं नाही. मी चौकटीवरच्या खुणेला लावून पाहिलं. केसाचाही फरक नव्हता. माझं समाधान झालं. बायकोने नवऱ्यावर इतका पटकन विश्वास ठेवू नये.

ते गेले त्याला सतरा वर्षं होतील. त्यानंतर चार महिन्यांनी मी फळीवरून मागे पडले. कातताना माणूस काम बघायला एक पाऊल मागे घेतो, आणि मागे फळी संपलेली असते. कंबर ठेचली. लेक आली, आठवडाभर राहिली, आणि मी दवाखान्यात दाखवायला गेले त्या सकाळी तिने भावाचा गाडीचा जॅक लावून चारही ठोकळे काढले. मी परत आले तेव्हा लेथ खाली बसली होती, फळी भिंतीला टेकवलेली होती आणि ती हात पुसत उभी होती. खूश होती. तिचा तो चेहरा मला आठवतो.

"हे काय केलंस?"

"खाली घेतली, आई. आता तू जमिनीवर उभी राहून काम कर."

"कोणाला विचारून?"

"बाबांनीच सांगितलं होतं."

"मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालू नकोस."

"अगं, ठोकळा उलटून तरी बघ ना एकदा."

मी उलटून पाहिला नाही. मी म्हटलं, "तुला बापाची उंची उतरवायची घाई झाली होती. चार महिनेसुद्धा धीर धरवला नाही. खोटारडी! निघ माझ्या घरातून." हे शब्द मी जसे बोलले तसेच लिहिले आहेत, एकही कमी केलेला नाही. तिने जॅकचा दांडा ओट्यावर ठेवला, अगदी हळू, आवाज न करता, आणि गेली.

त्याच जॅकने मी एकटीने दोन दिवस खपून लेथ परत वर घेतली. चारही ठोकळे एकामागून एक माझ्या हातांत होते. रागावलेलं माणूस हातातलं लाकूडसुद्धा उलटून बघत नाही. पुढच्या वर्षात तिची दोन पत्रं आली. मी, जी वाण्याची पुडीसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही, तिने ती दोन्ही न फोडता परत पाठवली. तिसरं आलं नाही. मग सोळा वर्षं मी त्या फळीवर उभी राहिले. सकाळी लेथ सुरू करायची, दुपारी बंद करायची, भुसा झाडायचा, आणि दारातल्या रिकाम्या खुर्चीला दिवसाचं काम दाखवायचं. ती कधी लंगडं म्हणाली नाही.

गेल्या ऑक्टोबरात एक ठोकळा तडकला आणि लेथ थरथरायला लागली. शेजारच्या सुताराला बोलावलं. त्याने जॅक लावला, ठोकळा ओढला आणि म्हणाला, "काकू, यावर काहीतरी लिहिलंय."

"माप असेल."

"माप नाही. तुम्हीच वाचा. मला ते 'ऐकणार नाही' एवढंच लागतंय."

मी चष्मा आणला. माझे यजमान आकड्यांत पक्के आणि अक्षरांत कच्चे होते. एकेक अक्षर वेगळं बसवायचे, खुर्चीच्या पायासारखं. सुताराच्या जाड पेन्सिलने लिहिलेलं होतं: "मी गेल्यावर काढणे. मग हिच्या कोपराला येईल. ही ऐकणार नाही. लेकीला सांगितले आहे."

वाळवी नव्हतीच. मी मुलाकडे होते त्या आठ दिवसांत त्यांनी खुर्चीत बसून लेकीकडून लेथचे पाय माझ्या मापाने कापून घेतले होते, आणि मला कळू नये म्हणून कापलं तेवढंच लाकूड खाली घातलं होतं. माझी उंची तयार करून ती ठोकळ्यांखाली झाकून ठेवली होती. लेकीने बापाला दिलेला शब्द पाळला, आणि मी तिला खोटारडी म्हटलं.

सुताराने विचारलं, "नवीन ठोकळा करून परत वर घेऊ?" मी म्हटलं, "नको. बाकीचे तीनही काढ."

तो गेल्यावर मी हातोडीचा एक साधा दांडा कातायला घेतला. जमिनीवर उभी राहून. डाव्या पायावरून उजव्यावर गेले आणि लाकडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. वीस वर्षं या खोलीत काम करून पहिल्यांदा चालले. दांडा चांगला झाला. दाखवायला खुर्चीकडे वळले, दांडा तिच्यावर ठेवला आणि लेथ बंद केली.

तरी, लेथ, तिच्या पटाश्या (एकूण अकरा), पुस्तक, दाराची उजवी चौकट खुणांसकट उखडून, आणि चारही ठोकळे, हे सर्व मी माझ्या मुलीला देते. ती परगावी शाळेत लाकूडकाम शिकवते. मुलगा फोनवर एकदा सांगून गेला की शाळेतल्या लेथ पोरांच्या उंचीच्या आहेत, त्यामुळे ती दिवसभर वाकून शिकवते आणि तिची पाठ धरते. म्हणजे माझ्यासारखं तिचंही आयुष्य दुसऱ्याच्या उंचीवर चाललं आहे. म्हणून अट एवढीच, की ही लेथ तिच्या कोपराला बसवून द्यावी. ठोकळे परत खाली घालावेत; तडकलेला सुताराने सांधला आहे. लिहिलेली बाजू वर ठेवू नये, खाली जमिनीकडे झाकावी, जशी होती तशी. मात्र बाविसाव्या वर्षाच्या खुणेवर विसंबू नये. ती आता पंचेचाळीस वर्षांची आहे, माणूस वयाने बसतो, चपला बदलतात. नवं माप घ्यावं.

आणि हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावं: तू खरं बोलत होतीस. मी उलटून पाहिलं नाही. चूक माझी होती, सगळी, एकही बोट कमी नाही.

कलम ६. फळी. ती कोणालाही देत नाही. तिच्यावर दोन पावलांचे खळगे पडले आहेत आणि ते दुसऱ्या कोणाच्या पायाला बसणार नाहीत. मोडून जाळावी.

कलम ७. हे सगळं पार पाडायला मी मुलाला नेमते. त्याने शिंका देत का होईना, लेथ स्वतः उभं राहून गाडीत चढवून घ्यावी.

इथे मृत्युपत्र संपत होतं. सही करण्याआधी मी ते दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं, शेजारच्या सुताराला आणि वाचनालयाच्या बाईंना. बाई चष्मा पुसत बसल्या. सुतार म्हणाला, "काकू, कलम पाच हे मृत्युपत्र नाही. पत्र आहे."

"पत्र न फोडता परत पाठवता येतं. मी दोनदा पाठवलंय. मृत्युपत्र ऐकावंच लागतं."

"म्हणजे तिने ऐकावं म्हणून तुम्ही मरणार?"

"आज ना उद्या मरणारच आहे. त्यासाठी मुद्दाम काही करत नाहीये."

"आणि ती पत्र परत पाठवेल हे कशावरून?"

"माझी लेक आहे."

"काकांचीही आहे," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "तुम्हाला तर शेवट नसलेल्या गोष्टींचा राग येतो ना? मग ही पुडी अशी अर्धी का सोडताय?"

म्हणून ही पुरवणी जोडते.

पुरवणी. कलम पाचची नक्कल मी आज स्वतः लिहून मुलीच्या शाळेच्या पत्त्यावर टपालात टाकली आहे. पाकिटावर मागच्या बाजूला माझं नाव स्पष्ट लिहिलं आहे, म्हणजे परत पाठवायचं असेल तर तिला सोपं जावं. ज्या हाताने तिची दोन पत्रं परत गेली त्या हाताला लपायचा अधिकार नाही. पाकिटात खुणेचा एक जाड पांढरा दोरा घातला आहे. उत्तर लिहायला मी तिला सांगितलेलं नाही. फक्त एवढं लिहिलं आहे: कामाच्या चपला घालून उभी राहा, हात दुमड, दोऱ्याचं एक टोक पायाखाली धर, दोरा कोपराशी येईल तिथे गाठ मार, आणि दोरा परत पाठव. एका शब्दाचीही गरज नाही. गाठ पुरे.

दोरा आला तर मी हयात असतानाच सुताराकडून लेथ त्या गाठीच्या उंचीला घेईन, मग मला तिच्यावर काम करता आलं नाही तरी चालेल. दोरा आला नाही तर कलम पाच माझ्यामागे जसंच्या तसं अमलात आणावं आणि मुलीला कोणी बोल लावू नये.

चौकटीवर आज मी माझंही माप पुन्हा घेतलं. जुन्या खुणेपेक्षा एक बोट खाली आलं आहे. नवी रेघ मारून ठेवली आहे. तिच्या नव्या रेघेसाठी चौकटीचा वरचा भाग, जुन्या खुणांना धक्का न लावता, धूळ पुसून स्वच्छ ठेवला आहे.

वरील मजकूर मी वाचून, दोघांना ऐकवून, पूर्ण समजून सही केली आहे.

ठिकाण: घराची मागची, लेथची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी टपाल टाकून आल्यावर

सही: (स्वहस्ते) कातारीण, दिवंगत कातारींची पत्नी, एका मुलाची आणि एका मुलीची आई

साक्षीदार १: शेजारचा सुतार. (मजकूर ऐकला. ठोकळ्यावरचं अक्षर मी डोळ्यांनी पाहिलं आहे.)

साक्षीदार २: वाचनालयाच्या बाई. (मजकूर ऐकला. पाकीट पेटीत पडलं तेव्हा मी सोबत होते. त्या अजून थोडा वेळ पेटीपाशी थांबल्या होत्या.)